जिप्सी गॅसवर चालवायची तर: टाकीचा कोन, कुलंटची ऊब आणि बाकीचा हिशेब

इंदूरहून महूमार्गे जानापावच्या चढाला किंवा चोरल-पाताळपाणीकडे निघालेल्या गाड्यांत मारुतीची जुनी जिप्सी आजही हटकून दिसते. गाडी भक्कम, दुरुस्ती सोपी, पण लिटरला दहा किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. मग कधी ना कधी प्रश्न येतोच: हिला एलपीजी बसवला तर?

बसतो. पण शहरातल्या टॅक्सीला गॅस बसवणं आणि चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. टॅक्सी सपाट रस्त्यावर, ठरलेल्या वेगात चालते. जिप्सी तिरकी होते, हादरते, पाण्यात उतरते आणि लो गिअरमध्ये तासन्‌तास रांगते. किट दोन्हीकडे तेच असतं, फरक बसवण्यात पडतो. तक्रारी ज्या येतात त्यांत किट खराब निघाल्याच्या थोड्या, टाकी, नळ्या आणि गरम पाण्याची जोडणी चुकल्याच्या बऱ्याच.

आधी पैशांचं बोलू, कारण काहींचा विचार इथेच बदलेल. एका लिटर एलपीजीत एका लिटर पेट्रोलच्या साधारण पाऊणपट, म्हणजे ७५ ते ८० टक्के ऊर्जा असते. गॅस हलका असतो, लिटरचं वजन जेमतेम ५४० ग्रॅम, पेट्रोलचं ७४० च्या आसपास. म्हणून पेट्रोलवर १० किलोमीटर देणारी जिप्सी गॅसवर ८ देईल. यातून एक सोपा नियम निघतो: गॅसचा लिटरचा भाव पेट्रोलच्या ८० टक्क्यांच्या बऱ्यापैकी खाली असेल तरच यात राम आहे. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि गॅस ६५ रुपये धरला, तर पेट्रोलवर किलोमीटरला साडेदहा रुपये पडतात. गॅसवर आठ रुपये तेरा पैसे. गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते, तो ७ टक्के भाग मिळवला की सव्वाआठच्या थोडं वर. बचत किलोमीटरला सव्वादोन रुपये. किट, टाकी, मजुरी आणि कागद मिळून ४५,००० लागले असं धरलं, तर ते वीस हजार किलोमीटरनंतर फिटतात. रोज शेतावर जाणाऱ्याचे दीड वर्षात फिटतील. फक्त रविवारी तिंछा फॉल बघायला जाणाऱ्याची पाचाहून जास्त वर्षं जातील, आणि तोवर टाकीच्या चाचणीची तारीख येईल. आकडे आजच्या भावाने पुन्हा मांडा, रीत तीच राहील.

इंदुरात सीएनजीचे पंप जास्त आहेत, मग सीएनजी का नको, असंही विचारतात. रोज शहरातच फिरत असाल तर सीएनजीच घ्या. पण सीएनजी २०० बार दाबाने भरतात, त्यामुळे सिलिंडर जाड आणि जड असतो आणि ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये जेमतेम दहा किलो गॅस मावतो. एलपीजी कमी दाबावर द्रव होतो. तितक्याच आकाराच्या टाकीत ४८ लिटर येतो आणि गाडी पावणेचारशे किलोमीटर जाते. जंगलाकडे निघालेल्या गाडीला हा फरक मोठा आहे. मात्र तुमच्या नेहमीच्या वाटेवर ऑटो एलपीजीचे किती पंप चालू आहेत ते किट घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. नकाशातला पंप आणि गॅस देणारा पंप यांत फरक असू शकतो.

गाडी कोणती?

जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली, १९९६ मध्ये १.३ लिटरची किंग आली, आणि २००० पासून १६ वाल्वचं, ८० अश्वशक्तीचं एमपीएफआय इंजिन आलं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीला मिक्सर किट बसतं. त्यात एअर क्लीनर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये गॅस सोडणारी चकती असते आणि इंजिन आपल्या ओढीने गॅस खेचून घेतं. स्वस्त आणि साधं काम, पण ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते. या गाडीत पेट्रोलवरून गॅसवर जाताना बटण मधल्या खुणेवर ठेवून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल आधी संपू द्यावं लागतं. नाहीतर काही क्षण दोन्ही इंधनं एकदम जातात आणि गाडी गुदमरते.

एमपीएफआय गाडीला मिक्सर बसवू नका. स्वस्त पडतं म्हणून अजूनही कुणी कुणी बसवतात. त्यात इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) पूर्ण गॅस-हवेच्या मिश्रणाने भरलेला राहतो. प्लगची ठिणगी एकदा चुकली किंवा मिश्रण पातळ झालं, तर आग उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते, एअर क्लीनरचा डबा फुटतो आणि सेन्सर जातात. अशा गाडीला सिक्वेन्शिअल किटच हवं. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो आणि गॅस त्या त्या सिलिंडरच्या दाराशी, त्याच्या पाळीलाच सुटतो.

नव्या गाड्यांपैकी पेट्रोल थारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. गॅसवर चालताना तिथले पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवले तर ते ज्वलनाच्या उष्णतेत भाजून निघतात, म्हणून थोडं पेट्रोल सतत सोडावं लागतं आणि बचतीचा हिशेब कोलमडतो. तिला गॅसच्या नादी न लावलेलं बरं. जिम्नीचं १.५ लिटर इंजिन मॅनिफोल्डमध्ये फवारणारं आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण नाही. पण वॉरंटी आणि मंजुरी हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकाच्या गाड्यांना बाहेरून सीएनजी-एलपीजी किट बसवायची परवानगी केंद्राने ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने दिली. मात्र ती सरसकट नाही, किटच्या मंजुरीपत्रात तुमच्या गाडीचं मॉडेल असावं लागतं.

आणखी एक. पेट्रोलवर धड न चालणारी गाडी गॅसवर सुधारत नाही, उलट जास्त रडते. गॅस पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून किटच्या आधी प्लग, प्लगच्या वायरी आणि एअर फिल्टर नवे टाका. टॅपेट, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या भागाची फट, मापात बसवून घ्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. प्लगची फट नेहमीपेक्षा ०.१ ते ०.२ मि.मी.ने कमी ठेवा, १.० असेल तर ०.८. गॅसवर मिस मारणाऱ्या निम्म्याअधिक गाड्या इथेच सरळ होतात.

टाकी

टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण द्रव रूपात असतं. द्रव तापला की फुगतो, म्हणून टाकी कधीही ८० टक्क्यांहून जास्त भरायची नाही. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर, बाकी जागा फुगवट्याला. हे आपोआप व्हावं म्हणून टाकीवर मल्टिवाल्व असतो. आतल्या तरंगणाऱ्या गोळ्याची दांडी वर आली की तो भरणं बंद करतो. त्याच वाल्वमध्ये दाब फार वाढला तर गॅस बाहेर सोडणारा सेफ्टी वाल्व, नळी तुटली तर प्रवाह रोखणारा वाल्व, विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड आणि हाताने बंद करायची चावी असते. घरगुती लाल सिलिंडरमध्ये यातलं ८० टक्क्यांचं कुलूप नसतं. तो गाडीत लावणं बेकायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी मे महिन्याच्या उन्हात काठोकाठ भरलेला सिलिंडर गाडीत घेऊन फिरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता टाकीचा कोन. तो गोळा आणि त्याची दांडी विशिष्ट कोनासाठी बनवलेली असते, आणि मल्टिवाल्ववर तो कोन कोरलेला असतो, बहुधा ० किंवा ३० अंश. लांब नळकांड्याची टाकी तिच्या अक्षाभोवती फिरवून कशीही बसवता येते. जिप्सीत जागा कमी, त्यामुळे नळी सोयीची पडावी म्हणून फिटर टाकी थोडी फिरवतो. १५ अंश फिरली की गोळ्याचा हिशेब चुकतो. एका बाजूला फिरली तर ३५ लिटरलाच भरणं थांबतं आणि मालक पंपवाल्याशी भांडतो. दुसऱ्या बाजूला फिरली तर ९० टक्के भरते आणि कुणाच्याच लक्षात येत नाही. तपासायचा उपाय सोपा आहे. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर सपाट जागी भरा आणि मीटर बघा. ६० लिटरच्या टाकीत ४८ पेक्षा दीड-दोन लिटर इकडेतिकडे ठीक. ५२ गेले तर त्याच दिवशी फिटरकडे.

जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळे गाड्यांच्या डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी इथे निरुपयोगी. पर्याय दोनच. नळकांडं टाकी मागच्या बाकांच्या पुढे आडवी, किंवा एका बाजूचं बाक काढून चाकाच्या फुगवट्याला लागून. टाकी खाली चॅसिसला टांगायचा मोह आवरा. जमिनीपासून २०० मि.मी. अंतर तर हवंच, आणि दगडावर मागची बाजू आपटली की पहिला मार टाकीलाच. जागा वाचवण्यापेक्षा दोन माणसं कमी बसवा.

टाकी बसवायची ती नुसत्या पत्र्याला नाही. युरोपच्या नियमात भरलेली टाकी पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या २० पट आणि आडव्या दिशेने ८ पट झटका सोसेल अशी बांधावी लागते. ६० लिटरची टाकी, गॅस आणि फ्रेम मिळून ५० ते ५५ किलो. वीस पट म्हणजे एक टनाहून जास्त. जिप्सीचा मागचा पत्रा, त्यातही मालव्यातल्या पावसाळ्यांत गंजलेला, हे सोसणार नाही. फ्रेमचे निदान दोन पाय चॅसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत न्या. बोल्ट एम १०, ८.८ ग्रेडचे, चार. पत्र्याखाली ३ मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्ट्या द्या आणि पट्टा व टाकी यांच्यामध्ये रबर. वेल्डिंग फ्रेमला करायचं, टाकीला कधीच नाही.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो. छत कापडी आहे म्हणून हवा खेळती राहील ही समजूत खोटी, कारण गॅस पायाशी बसतो. म्हणून मल्टिवाल्ववर हवाबंद डबी आणि तिथून गाडीच्या तळातून बाहेर जाणारी रुंद नळी लागतेच. नळीचं तोंड खाली वळवा. सायलेन्सरकडे नको आणि चाकाच्या कमानीतही नको. मालव्याची काळी माती एकदा ओली होऊन त्या तोंडात बसली की वाळल्यावर विटेसारखी होते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तोंड साफ करायचं.

नळी

टाकीपासून इंजिनपर्यंत गॅस द्रव रूपातच येतो, ६ मि.मी.च्या तांब्याच्या नळीतून, वर प्लॅस्टिकचं आवरण. जिप्सीची चॅसिस शिडीसारखी आहे हे इथे कामी येतं. नळी चॅसिसच्या लांब पट्टीच्या आतल्या अंगाने न्या, साठ सेंटिमीटरच्या आत एक क्लॅम्प. प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हालचालीपासून दूर. पाटे पूर्ण दबल्यावर एक्सल कुठपर्यंत वर येतो ते जॅक लावून प्रत्यक्ष बघा, नजरेचा अंदाज इथे फसवतो. सायलेन्सरपासून १०० मि.मी., ते जमत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल.

टाकीपाशी आणि इंजिनपाशी नळीला एकेक वेटोळं ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चॅसिस हलत नाही. सरळ ताणून बसवलेली तांब्याची नळी जोडापाशी थकते आणि वर्षभरात चिरते. नळी करवतीने न कापता पाइप कटरने कापा, कारण करवतीचा तांब्याचा भुगा थेट सोलेनॉइडच्या गादीवर जाऊन बसतो. मग बंद केल्यावरही गॅस थोडा थोडा झिरपत राहतो आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला पेटत नाही. जोड आवळायलाही माप आहे. जास्त आवळला तर आतली पितळी रिंग दबून नळी चिमटते.

ऊब कुठून आणायची

किटमधला सर्वात गैरसमजाचा भाग म्हणजे रिड्यूसर. तो दाब कमी करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण द्रवाची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते, म्हणून रिड्यूसरला सतत ऊब पुरवावी लागते. जिप्सीचं इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला सोळा-सतरा किलो गॅस जळतो आणि तेवढ्याची वाफ करायला पावणेदोन किलोवॉटच्या आसपास उष्णता लागते. न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गिझर अखंड चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता येते इंजिनच्या कुलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. कुलंट पोचलं नाही तर रिड्यूसरवर बर्फ धरतो, अर्धवट द्रव गॅस पुढे जातो, आतले पडदे कडक होऊन फाटतात.

म्हणून रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या पातळीच्या खाली बसवा. तो वर गेला की कुलंटमधली हवा त्यातच अडकते. पाणी हीटरच्या नळ्यांना टी लावून घ्या. हीटर नसलेल्या गाडीत इंजिनवरची त्याची तोंडं झाकलेली असतात, ती उघडून घ्यावी लागतात. गाडी गरम झाल्यावर रिड्यूसरला जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही नळ्या हाताला सारख्या गरम लागल्या पाहिजेत. एक गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी फिरत नाही.

आपल्याकडची एक खास सवय इथे नडते. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. पेट्रोलवर ते खपून जातं. गॅसवर मात्र इंदूरच्या डिसेंबरमधल्या सकाळी इंजिन कधीच पुरेसं गरम होत नाही. किट साधारण ३५ ते ४० अंशांना गॅसवर जायचं ठरलेलं असतं, ते दहा-दहा मिनिटं पेट्रोलवरच राहतं, आणि घाटात उतरताना रिड्यूसर पुन्हा थंड होतो. थर्मोस्टॅट परत बसवा. साधं नळाचं पाणीही चालणार नाही. रिड्यूसरमधल्या पाण्याच्या वाटा अरुंद असतात, गंज आणि क्षार त्या दोन वर्षांत बुजवतात.

रिड्यूसर निवडताना इंजिनच्या ताकदीपेक्षा पाव हिस्सा जास्त क्षमतेचा घ्या. ८० अश्वशक्तीला शंभराच्या वरचा. मिक्सर किटमध्ये आणखी एक काळजी: त्याचा मोठा पडदा गाडीच्या लांबीला समांतर ठेवायचा. आडवा बसवला तर ब्रेक आणि चढ-उतारावर पडदा स्वतःच्या वजनाने हलतो आणि उतारावर गाडी बंद पडते.

इंजेक्टर, नोझल, ट्यूनिंग

रिड्यूसरमधून गॅस मॅनिफोल्डपेक्षा साधारण एक बार जास्त दाबाने निघतो, फिल्टरमधून गॅस इंजेक्टर असलेल्या रेलमध्ये येतो आणि तिथून चार नळ्यांनी मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्डला ५ मि.मी.चं भोक पाडून एम ६ चे आटे पाडायचे. मॅनिफोल्ड उतरवूनच हे काम करा. जागेवरच, ड्रिलला ग्रीस लावून भुगा पकडता येतो असं म्हणतात, पण ॲल्युमिनियमचा एक तुकडा वाल्वखाली गेला की हेड उतरवायला लागतं. भोकं पेट्रोल इंजेक्टरच्या जवळ आणि चारही एकाच कोनात. रेलपासूनच्या नळ्या १५० मि.मी.च्या आत आणि चारही सारख्या लांबीच्या. एक लांब राहिली तर तो सिलिंडर उशिरा प्यायला लागतो आणि गाडी उभी असताना थरथरते.

नोझलचं, म्हणजे गॅस इंजेक्टरच्या तोंडाचं, भोक इंजिनच्या ताकदीवरून ठरतं. ८० अश्वशक्तीला सिलिंडरमागे २० येतात, त्याला १.८ ते २.० मि.मी. योग्य. का ते बघा. गॅसचा ईसीयू, म्हणजे किटचा छोटा संगणक, हा दुभाषी आहे (इंदूरच्या मराठी माणसाला ही भूमिका समजावायची गरज नाही). पेट्रोलचा ईसीयू म्हणतो, इंजेक्टर ४ मिलिसेकंद उघड. गॅसचा ईसीयू ते ऐकून पेट्रोलचा इंजेक्टर बंद ठेवतो, आकड्याला १.३ ने गुणतो आणि गॅसचा इंजेक्टर ५.२ मिलिसेकंद उघडतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना एका पूर्ण चक्राला फक्त २० मिलिसेकंद मिळतात. पेट्रोल तिथे १४ मागत असेल तर गॅसला १८ हून जास्त लागतात, म्हणजे इंजेक्टर जवळजवळ उघडाच. नोझल बारीक असेल आणि गुणक १.६ झाला, तर वेळ पुरतच नाही, मिश्रण पातळ होतं आणि वाल्व जळतात. उलट नोझल मोठं असेल तर गुणक एकच्या खाली जातो आणि उभ्या गाडीत इंजिन डळमळतं. गुणक १.१ ते १.५ मध्ये राहिला तर नोझल बरोबर.

ट्यूनिंग लॅपटॉप लावून उभ्या गाडीत पाच मिनिटांत होतं असं सांगणाऱ्याला थांबवा. ते फक्त पहिलं पाऊल. नंतर बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये, आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर, सारख्या वेगाने आणि सारख्या ओढीने चालवून दोन्ही वेळचे पेट्रोल-इंजेक्शनचे आकडे जुळवायचे. गॅसवर गेल्यावर ते आकडे वाढले तर गॅस कमी पडतोय, घटले तर जास्त होतोय. फरक पाच टक्क्यांच्या आत आणा. हे गाडीत ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तरच खरं, कारण चूक झाल्याचं पेट्रोलच्या ईसीयूला तोच सांगतो. सेन्सर नसलेल्या किंवा मेलेल्या गाडीत धुराचं यंत्र लावूनच ट्यूनिंग करावं लागतं.

चढावर आणि पाण्यात

टाकीतून द्रव ओढणारी नळी तळाशी एकाच जागी असते. टाकी आडवी बसवलेली असेल आणि गाडी एका अंगावर कलली, तर द्रव एका टोकाला जमतो. टाकी पाव भरलेली असेल तर नळीचं तोंड उघडं पडतं, रेलमधला दाब कोसळतो आणि किट आपोआप पेट्रोलवर जातं. नेमकं अवघड वळणावर. मिक्सर किटमध्ये ते आपोआपही होत नाही, गाडी सरळ बंद पडते. म्हणून दगडांच्या चढाला लागण्याआधी स्वतःच पेट्रोलवर जा. लो गिअरमध्ये इंजिन जास्त फेऱ्यांवर, गाडी कमी वेगात, बॉनेटखाली वारा नाही, अशा वेळी गॅस वाचवून काही साधत नाही. किट ही येण्याजाण्याच्या रस्त्यासाठी आहे.

त्यासाठी पेट्रोलच्या टाकीत नेहमी दहा लिटर ठेवा. एमपीएफआय गाडीचा पेट्रोल पंप टाकीत बुडून थंड राहतो, कोरडा पडला तर जळतो. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, ते हवेतली ओल धरतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं तर जुन्या रबरी नळ्यांना त्रास देतं.

गॅसचा ईसीयू फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर) शक्य तितका उंच, प्लगची तोंडं खाली. रपट्यावरच्या (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरच्या) पाण्यातून गेल्यावर टाकीच्या डबीची नळी बघा. भरायचं तोंड बंपरखाली बसवू नका, मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये उंचावर बसवा आणि झाकण दोरीने बांधा. चिखल त्या तोंडात गेला तर पुढच्या भरण्यात तो टाकीत जातो.

मे महिन्यात टाकीतला दाब दहा बारच्या आसपास चढतो आणि पंपाच्या मशीनला त्यावर मात करून गॅस ढकलावा लागतो. दुपारी दोनला भरणं रेंगाळतं, अर्धवट थांबतं. सकाळी भरा.

वाल्व

एलपीजी कोरडं इंधन आहे, वाल्वच्या सीटला पेट्रोलसारखी थंडी मिळत नाही. सीट मऊ असेल तर ती हळूहळू झिजते, वाल्व हेडमध्ये आत सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. फसवी गोष्ट अशी की फट वाढली की टकटक ऐकू येते, फट कमी झाली की इंजिन उलट शांत होतं. मालक खूश, आणि एक दिवस एक्झॉस्ट वाल्व पूर्ण बंद न झाल्याने जळतो. जिप्सीची टॅपेट स्क्रूने बसवता येतात हे नशीब. पहिल्या ५,००० किलोमीटरला आणि मग दर २०,००० ला मोजा. मोजलेले आकडे वहीत लिहा, कारण एका मोजणीतून काही कळत नाही, घसरण किती वेगाने होतेय ते कळायला हवं. गॅसचा वाफेचा फिल्टर १०,००० ला बदला, त्याच वेळी रिड्यूसरच्या तळाचा स्क्रू उघडून साचलेलं काळं तेल काढा.

कागद

वाहनात एलपीजी वापरायला भारतात २००० पासून कायदेशीर मान्यता आहे, पण किट मंजूर हवं (एआरएआय किंवा आयकॅटसारख्या संस्थेचं मंजुरीपत्र) आणि बसवणाराही अधिकृत हवा. टाकीवर आयएस १४८९९ ही खूण, अनुक्रमांक, चाचणीची तारीख आणि स्फोटक विभागाचं, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचं प्रमाणपत्र. बसवल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. इंदूरचं कार्यालय नायता मुंडल्याला आहे, गाडी घेऊनच जावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. विमा कंपनीलाही कळवा. किटची नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडतो, आणि गॅसचा काही संबंध नसलेला अपघात असला तरी अडू शकतो.

महूच्या लष्करी लिलावातून फिरत आलेली किंवा आधीच किट असलेली जिप्सी विकत घेत असाल, तर टाकीखाली आडवं होऊन चार गोष्टी बघा. टाकीवरची चाचणीची तारीख पाच वर्षांच्या आत आहे का. टाकीचा अनुक्रमांक कागदाशी जुळतो का. मल्टिवाल्वचा कोरलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन एकच आहे का. डबीची नळी बाहेर निघते का, की गाडीच्या आतच सुटली आहे. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा आणि इंजिन बंद करून, टाकीवरची चावी उघडी ठेवून दोन मिनिटं थांबा. बुडबुडा दिसला तर चावी बंद करा, भाव बोलायचं नंतर.